मोर नाचण्याआधी



गेल्या अंकात हळदीच्या डागांवर उन्हाचा उपाय लिहिला होता. त्यावर चार फोन आले. तीन घरांत उपाय लागू पडला, चौथ्या घरी आठवडाभर ऊनच पडले नाही. ह्या वेळी रसायनशास्त्राला बहुतांशी सुट्टी.

गणपती पाण्यात पोहोचले, मोदकांचे साचे पुन्हा माळ्यावर गेले आणि आता दिवाळी कार्यक्रमाच्या तालमींची धामधूम सुरू आहे. हॉल कितीला सोडायचा, पेटी कोण वाजवणार, बालनाट्यातल्या मावळ्यांना मिशा कोण लावणार, हे सगळे यथासांग चालले आहे. ह्याच दिवसांत आम्ही आणखी एका तालमीवर डोळा ठेवून असतो. ती जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाची.

कॉलेज बास्केटबॉलची आठवण आपल्या लोकांना होते ती मार्चमध्ये. ऑफिसात कोणीतरी ६८ संघांचा तक्ता फिरवतो, पाच-पाच डॉलर गोळा होतात आणि ज्याला खेळातले ओ की ठो कळत नाही तो अकाउंटिंगमधला गृहस्थ पैसे जिंकून जातो. मोसम मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतो, आणि आमच्या मते खरी गंमत त्याच्याही आधीची, सप्टेंबर-ऑक्टोबरातली. ड्यूक किंवा केंटकीसारख्या बड्यांच्या मागे जायचे असेल तर ह्या दिवसांत काही करावे लागत नाही, टीव्ही सगळे आणून ओततो. छोट्या संघाची बातमी मात्र आपण होऊन काढावी लागते, आणि म्हणूनच ती आपली वाटते.

आता हाच संघ का? पहिले कारण भूगोलाचे. महिन्यातून एकदा तरी आपल्यापैकी निम्मी मंडळी न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर असतात. कोथिंबीर, ताजी मेथी, चांदीचे निरांजन, जावयासाठी मिठाई, सगळे तिथेच. तिथून जर्नल स्क्वेअर ओलांडून केनेडी बुलेव्हार्डने दक्षिणेला चालत राहिले की सेंट पीटर्स लागते. मिठाईचा डबा हातात घेऊन जाता येईल एवढे जवळ.

दुसरे कारण पक्ष्याचे. ह्या संघाचे नाव पीकॉक्स, म्हणजे मोर. डिव्हिजन वनच्या साडेतीनशेहून अधिक कॉलेजांत वाघ, सिंह, अस्वले आणि बुलडॉग ह्यांची खोगीरभरती आहे, मोर एकच. त्यामागे दोन गोष्टी सांगतात. १६३० साली मायकेल पॉव नावाच्या डच व्यापाऱ्याला हडसनच्या ह्या काठची जमीन मिळाली. डच भाषेत 'पॉव' म्हणजे मोर. त्याने आपल्या नावाला लॅटिन पोशाख चढवून वसाहतीला 'पाव्होनिया' म्हटले. दुसरी गोष्ट कॉलेजची स्वतःची. जेझुइट पाद्र्यांनी १८७२ साली स्थापलेले हे कॉलेज पहिल्या महायुद्धात, १९१८ साली बंद पडले आणि १९३० साली पुन्हा उघडले. जुन्या ख्रिस्ती चित्रांत मोर हे पुन्हा जिवंत होण्याचे चिन्ह असते. दोन्ही गोष्टी जुळून आल्या आणि पक्षी ठरला. आपल्याकडे मोर पैठणीच्या पदरावर आणि सरस्वतीच्या शेजारी, इथे तो निळ्या-पांढऱ्या बनियनवर. लेकीला संघ निवडायला सांगितला तेव्हा तिने आकडेवारी पाहिली नाही, पक्षी पाहिला. आम्हीही फार वाद घातला नाही.

कॉलेज लहान आहे. पदवीचे विद्यार्थी दोन-अडीच हजारांच्या घरात, त्यांतले बरेच घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारे. बास्केटबॉलच्या जिममध्ये तीन हजारांच्या आसपास माणसे मावतात. जिमचे आताचे नाव आहे 'रन बेबी रन अरीना'. नाव बालवाडीचे वाटते, पण मागे इतिहास आहे. १९६८ साली डॉन केनेडी ह्यांच्या संघाला, तो सारखा पळत असे म्हणून, लोक 'रन बेबी रन' म्हणत. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या एन.आय.टी. स्पर्धेत त्या संघाच्या एल्नार्डो वेब्स्टरने मार्शलविरुद्ध एकट्याने ५१ गुण केले आणि पुढच्या फेरीत ह्याच पोरांनी ड्यूकला १००-७१ असे झोपवले. जाता जाता सांगतो, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना ह्याच छोट्या कॉलेजाने १९६५ साली मानद पदवी दिली होती. आम्ही ज्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलो त्यांच्या जिमच्या भिंतींवर फक्त देणगीदारांची नावे आहेत.

२०२२चा मार्च बहुतेकांना आठवत असेल. ६४ संघांच्या मुख्य स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ असे मानांकन असते. सेंट पीटर्स पंधरावे होते. दुसऱ्या क्रमांकाच्या केंटकीला त्यांनी ओव्हरटाइममध्ये ८५-७९ हरवले. केंटकीच्या कोचचा एका वर्षाचा पगार तेव्हा ८० लाख डॉलरांहून अधिक होता. आमच्या मोरांच्या सगळ्या संघाचे वर्षाचे बजेट त्याच्या जवळपासही येत नव्हते. मग मरे स्टेट ७०-६०, मग फिलाडेल्फियात पर्ड्यू ६७-६४. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ती स्पर्धेच्या इतिहासातली पहिली वेळ. तिथे नॉर्थ कॅरोलायनाने ६९-४९ असा लगाम घातला.

आपल्या मंडळातले एक स्नेही पर्ड्यूचे पीएच.डी. आहेत. त्यांचे दुःख असे की पुढच्याच वर्षी, २०२३ साली, आपल्या न्यूजर्सीच्याच फेअरली डिकिन्सनने, सोळाव्या मानांकनाच्या संघाने, पहिल्या क्रमांकाच्या पर्ड्यूला ६३-५८ घरी पाठवले. "अहो डॉक्टर, ह्या राज्यात टॅक्स भरतो तो कशासाठी?" असे ते अजून विचारतात. आम्ही त्यांना चहा देतो.

पण आम्हांला सांगायचे आहे ते त्या मार्चनंतरचे. शेवटचा सामना २७ मार्चला झाला. ३० मार्चला कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. ती त्यांची स्वतःची जुनी शाळा, तिथेच ते खेळाडू म्हणून गाजलेले, त्यामुळे कोणी वाईट म्हटले नाही. मग खेळाडू निघाले. केंटकीविरुद्ध २७ गुण करणारा डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला गेला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, बचावाचा खांब केसी एन्डेफो कोचच्या मागोमाग सीटन हॉलला, मॅथ्यू ली मिसुरी स्टेटला. मालीहून आलेले ड्रामे बंधू, जुळे दोघे, ला साल्ला गेले. सारा देश ज्यांची नावे घेत होता ती पाने उन्हाळ्याच्या आत झडली. नवे कोच बशीर मेसन वॅगनरहून आले. ते मूळचे जर्सी सिटीचेच. २०१२ साली वॅगनरने त्यांना नेमले तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते, डिव्हिजन वनमधले सर्वांत तरुण कोच.

हे का होते ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात. पूर्वी कॉलेज बदलले की खेळाडूला एक वर्ष बाकावर बसावे लागे. २०१८ साली 'ट्रान्स्फर पोर्टल' नावाची यादी आली, तीत नाव घातले की दुसरी कॉलेजे बोलणी करू शकतात. २०२१पासून पहिली बदली बिनाशिक्षा झाली, २०२४पासून अभ्यास नीट असेल तर कितीही बदल्या. त्यातच जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले आणि २०२५च्या उन्हाळ्यापासून कॉलेजे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. परिणाम उघड आहे. छोट्या कॉलेजात एखादा मुलगा चमकला की वसंतात मोठ्या कॉलेजाचा फोन येतो. छोटे कॉलेज शोधते, घडवते, चुका सोसते, आणि तयार माल दुसऱ्याच्या दुकानात जातो. खेळाडूंनी जावे की नाही ह्यावर आमचे मत स्पष्ट आहे: जावे. चार वर्षांचे पाय आहेत, गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि त्यांच्या जिवावर इतकी वर्षे इतरांनी बंगले बांधले. पण वाईट वाटायचे ते वाटतेच.

२०२४ साली मेसनच्या संघाने पुन्हा मेट्रो अटलांटिकची स्पर्धा जिंकली. ही आपल्या संघाची लीग. तीत आयोना, सिएना, रायडर, मॅरिस्ट, मॅनहॅटन, फेअरफील्ड अशी शेजारपाजारची कॉलेजे आहेत. मुख्य स्पर्धेत टेनेसीने ८३-४९ असे धुतले, ते असो. त्या वर्षीचा आमच्या घरातला लाडका म्हणजे कोरी वॉशिंग्टन. लेकीने त्याचे चित्र वहीवर चिकटवले होते. वसंतात तो विचिटा स्टेटला गेला.

तिने विचारले, "त्याला आपण आवडलो नाही का?"

नऊ वर्षांच्या मुलीला पोर्टल काय समजावणार? आम्ही म्हटले, त्याला जास्त चांगली संधी मिळाली, आपण नाही का ओहायोहून इथे आलो, तिथल्या कंपनीतले लोक काही आपल्याला नावडते नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ओहायोत माझी जागा कोणाला दिली?" तिचा प्रश्न शाळेतल्या बाकाबद्दल होता. आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते, आजही नाही. पण तेव्हापासून तिचा आमच्या घरात एक नेम आहे. नवी यादी आली की ती आधी हे शोधते की गेलेल्याचा नंबर आता कोणाच्या पाठीवर आहे.

तर ही यादी, म्हणजे रोस्टर, हा मोसमाआधीचा पहिला ग्रंथ. तेरा-चौदा नावे असतात. उंची, वजन, कितवे वर्ष, गाव, आधीचे कॉलेज. वरवर पाहिले तर टेलिफोन डिरेक्टरी. पण नीट वाचले तर बरेच कळते. आधीच्या कॉलेजच्या रकान्यात ज्यांच्या समोर काही नाही ते शाळेतून थेट आलेले, त्यांना वेळ लागेल. ज्यांच्या समोर दोन-दोन कॉलेजे आहेत ते फिरून फिरून आलेले, त्यांना घाई असते. मागच्या वर्षीचे किती उरले ते मोजावे. त्यांत पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन येणारा आणि खेळ चालवणारा, उरला असेल तर निम्मी काळजी मिटली. उंचीवर फार विसंबू नये. छापील उंचीत बुटाची टाच धरलेली असते असा आमचा दाट संशय आहे. लग्नाच्या जाहिरातीत वराची उंची वाचलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरा ग्रंथ वेळापत्रक. हे आमच्या मते सर्वांत बोलके कागद. नोव्हेंबर-डिसेंबरचे सामने पाहा, कितीतरी मोठ्या विद्यापीठांच्या गावी आणि परतीचा सामना नाही. मोठे विद्यापीठ छोट्याला आपल्या घरी खेळायला बोलावते आणि त्याचे पैसे मोजते, साधारण ८० हजार ते एक लाख डॉलर. मोठ्याला घरच्या प्रेक्षकांसमोर बहुधा विजय मिळतो, छोट्याला वर्षाचा खर्च भागवायला हातभार. म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला छोटा संघ दोन-चार वेळा पगारी मार खायला जातो. म्हणून डिसेंबरअखेर हार-जितीचा हिशेब पाहून नाके मुरडणाऱ्यांचे ऐकू नये. २०२२चा तो प्रसिद्ध संघसुद्धा वर्षाअखेर २२ विजय आणि १२ पराभव असाच होता. खरी लढाई जानेवारीपासून लीगमध्ये, आणि मग मार्चमध्ये अटलांटिक सिटीला. लीगचा जो विजेता, त्याला मुख्य स्पर्धेत जागा. दुसऱ्याला जवळजवळ कधीच नाही. मोठ्या लीगमधून आठ-आठ, दहा-दहा संघ जातात, इथून एक. साऱ्या हिवाळ्याची मेहनत त्या तीन-चार दिवसांत ठरते, आपल्या दहावीच्या परीक्षेसारखी. त्या एका जागेमागे पैसाही आहे. स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे लीगला सहा वर्षांत मिळून सुमारे वीस लाख डॉलर मिळतात. २०२२ साली मोर चार सामने खेळले, तो हिशेब घरी करावा. त्यातला मोठा वाटा शेजारच्या कॉलेजांनाही गेला, ज्यांनी नुसता टीव्ही पाहिला.

तिसरा ग्रंथ, म्हणजे लीगच्या कोचनी मोसमाआधी लावलेला क्रम. तो करमणूक म्हणून वाचावा. निम्मे खेळाडू बदललेल्या संघांबद्दल, निम्मे खेळाडू बदललेल्या दुसऱ्या संघांच्या कोचना काय कळणार? मागच्या वर्षी कोण कुठे होते ते पाहून मते दिली जातात. आपल्या कार्यकारिणीची निवडणूकही साधारण अशीच होते, पण तो विषय वेगळा.

राहिला प्रत्यक्ष सराव. नियम असा की अधिकृत सराव पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी सुरू करता येतो, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या सहा आठवड्यांत ३० सराव. उन्हाळ्यातही थोडे तास परवानगी असते. मधे दुसऱ्या कॉलेजाशी बंद दाराआड एखादा सराव सामना होतो. ह्याला प्रेक्षक नाहीत आणि बहुधा गुणफलकही जाहीर नाही. नंतर कोणाच्या तरी मित्राच्या भाच्याकडून कळते की 'बरे खेळले'. एवढ्यावर आम्ही आठवडा काढतो.

इथे सुट्टी मोडून एकच वाक्य रसायनशास्त्राचे. काही अभिक्रियांत सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही असे दिसते. द्रावण तसेच, तापमान तसेच, नवा विद्यार्थी कंटाळून कॉफी प्यायला जातो. आत मात्र काहीतरी साठत असते आणि मग एकदम रंग पालटतो. ह्या काळाला इंडक्शन पीरियड म्हणतात. बरे, एक वाक्य म्हटले होते, चार झाली. ऑक्टोबरातला संघ तसा असतो. कोण कोणाला पास देईल, कोण चिडेल, कोण आपल्या जागेवर दुसऱ्याला पाहून मुकाट बाकावर बसेल, हे तेव्हा ठरत असते आणि बाहेर काही दिसत नाही. मोठ्या संघात एक तारा सगळे निभावून नेतो. छोट्यात ह्या सहा आठवड्यांवरच सारे असते.

बातमी काढणे आता पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे हेही सांगितले पाहिजे. ह्या संघाच्या मागे वर्षानुवर्षे एक तरी बातमीदार असे तो 'जर्सी जर्नल'चा. १८६७ साली सुरू झालेले ते वृत्तपत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाले. आता कॉलेज स्वतःबद्दल जे सांगेल ते, आणि त्यात प्रत्येक नवा खेळाडू 'गुणी आणि कष्टाळू' असतो. गुडघा कोणाचा दुखतो ते कोणी लिहीत नाही.

'जर्सी जर्नल'चे नाव निघाले की आपल्यातल्या जुन्या मंडळींना दुसरेच काही आठवते. १९८७ साली 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याचे पत्र त्याच वृत्तपत्रात छापून आले होते, भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून देण्याच्या धमकीचे. 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांचे कुंकू. मारहाणी झाल्या. शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा त्यात जीव गेला. आपल्या मंडळातले एक काका-काकू तेव्हा तिथे राहत. काकू सांगतात की ते वर्ष-दीड वर्ष कामावर जाताना त्या कुंकू पुसून जात आणि घरी आल्यावर पुन्हा लावत. काका बुलेव्हार्डवरून अंधार पडल्यावर चालत नसत. पुढे ते एडिसनला घर घेऊन गेले आणि जर्सी सिटीला फक्त सामान आणायला यायचे, तेही दिवसा.

दोन वर्षांमागे आम्ही त्यांना एका संध्याकाळच्या सामन्याला नेले. काका आधी नको म्हणाले. "त्या रस्त्यावर आता मला काही बघायचे नाही," एवढेच. काकूच म्हणाल्या, "चला हो, मोर आहे म्हणे." जिम अर्धी रिकामी होती. समोरच्या रांगेत एक फिलिपिनो कुटुंब, बाजूला शाळेतल्या पोरांचा घोळका, मागे पांढऱ्या केसांचे दोन गृहस्थ, १९६८चा संघ पाहिलेले. काकूंच्या कपाळावर नेहमीचे मोठे कुंकू होते. सामना मोर हरले. शेवटच्या मिनिटात दोन फ्री थ्रो हुकले तेव्हा काका उभे राहून मराठीत ओरडले ते इथे छापता येणार नाही. मागच्या गृहस्थांनी अर्थ न कळता मान डोलावली. परतताना गाडीत काका बराच वेळ बोलले नाहीत. टर्नपाइकवर लागल्यावर म्हणाले, "तो उंच पोरगा पुढच्या वर्षी आहे का?"

तो उंच पोरगा पुढच्या वर्षी नव्हता. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग आता कोण आहे?" यादी वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पुन्हा स्वतः वाचली.

आमच्या पर्ड्यूवाल्या स्नेह्यांचा आक्षेप ह्या सगळ्याला आहे. त्यांचे म्हणणे, दरवर्षी माणसे बदलणार, बरा निघाला तो जाणार, मग पाठिंबा द्यायचा कोणाला, बनियनला? रटगर्सचे भक्त व्हा, मोठी लीग, मोठे स्टेडियम, मुले शेवटी तिथेच शिकणार. म्हणणे चुकीचे नाही. रटगर्सला आमचा विरोधही नाही. पण रटगर्सला आमची गरज नाही. शिवाय माणसे बदलतात हा आक्षेप आपल्या मंडळातल्या माणसाने घ्यावा ह्याचे आम्हांला नवल वाटते. गेल्या पाच वर्षांत बालनाट्यातले तीन शिवाजी टेक्ससला गेले, एक बंगलोरला. कोणाची कंपनी हलली, कोणाचा व्हिसा संपला. नाटक दरवर्षी झाले. मिशा त्याच आहेत, मागच्या कपाटात डब्यात ठेवलेल्या.

आता कामाचे. ह्या वर्षी मंडळातर्फे घरच्या एका सामन्याला एकत्र जावे असे ठरते आहे. मोठ्या संघांच्या तिकिटांच्या मानाने इथली तिकिटे स्वस्त असतात आणि मुलांना मैदानाजवळ बसता येते, इतके जवळ की बुटांची करकर ऐकू येते. डिसेंबरातला शनिवार मिळाला तर उत्तम, कारण जानेवारीत बर्फाचा भरवसा नाही आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाशी तारीख भिडते. जेवण न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आधी उरकून घ्यावे. मुलांबरोबर यादीची एक प्रत द्यावी म्हणून आम्ही ती मराठीत करतो आहोत, नावे देवनागरीत, गावांसह. त्यात एक अडचण आहे. काही नावांचा उच्चार आम्हांला लागत नाही, विशेषतः फ्रेंच वळणाच्या आफ्रिकी नावांचा. ज्यांच्या मुलांनी शाळेत फ्रेंच घेतले आहे त्यांनी कृपया येत्या रविवारी तालमीच्या वेळी हॉलवर आम्हांला गाठावे. पेन्सिल घेऊन पेटीशेजारच्या खुर्चीवर बसलेले असू.